विमान खरंच लेट होतं, ताई

तीर्थरूप सौ. ताईच्या पायांवर धाकट्या भावाचं डोकं.

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा गुडघा कसा आहे? (त्यांचा दुखतो की नाही हे मला ठाऊक नाही, पण वय बघता विचारून ठेवलेलं बरं.) वर 'सौ.' लिहिताना पेन जरा अडखळलं. इतकी वर्षं तुझ्या पाकिटावर मी 'श्रीमती' लिहीत आलो, हाताला तेच वळण पडलेलं. लिहून झाल्यावर बायकोला हाक मारून ते अक्षर दाखवलं, तर तीही हातातलं काम टाकून बघत राहिली. साठीला टेकलेली बाई एका दुपारी सरकारी कचेरीत जाते, सही करते आणि नवऱ्याला घेऊन बाहेर येते, याचं आम्हा दोघांना अजून नवल वाटतं. मी इथे दुकानाच्या पाटीचा रंग बदलावा की नाही याचा विचार किती वर्षं करतोय ते तुला माहीत आहेच.

आता मुख्य गोष्ट. लग्नापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. म्हणजे फोन उचलतेस, मी बोलतो ते ऐकून घेतेस, 'बरं' म्हणतेस आणि ठेवून देतेस. तुझं हे 'बरं' मी लहानपणापासून ओळखतो. त्यापेक्षा चार शिव्या दिल्यास तर मी त्या गोड मानून घेईन. तुझी चूक आहे असं मी म्हणत नाही. लग्नाला माहेरचं एक माणूस आलं नाही. दादाची आदल्या दिवशी पाठ धरली (आणि दुसऱ्या दिवशी सुटली, कारण तो पोहायला गेला होता, हे वहिनीनेच सांगितलं), धाकटीच्या घरी नळ फुटला आणि माझं विमान लेट झालं. पाठ, नळ आणि विमान, तुझ्या दृष्टीने सगळे एकाच माळेचे मणी. साक्षीदाराची सही करायला मी येणार होतो, ती शेवटी कचेरीसमोरच्या झेरॉक्सवाल्याने केली असं कानावर आलं. त्या गृहस्थाचा मला फार हेवा वाटतो. दादाच्या पाठीबद्दल आणि धाकटीच्या नळाबद्दल मी बोलणार नाही, पण ताई, विमान खरंच लेट होतं. तुझं हे लग्न मला पसंत नव्हतं म्हणून मी आलो नाही असं तुझ्या मनात असेल, तर ते काढून टाकायला हे पत्र लिहितोय. जरा लांबेल, तेवढं सोस.

मी त्याआधी कधी विमानात बसलो नव्हतो. (अजूनही बसलेलो नाही, ते पुढे येईलच.) सगळं आयुष्य लोकांचे फोटो चौकटीत बसवण्यात गेलं, त्यामुळे विमानतळात शिरल्याबरोबर माझी नजर गेली ती काचेवर. अख्खी भिंत काचेची. जमिनीपासून छतापर्यंत एकेक सलग तुकडा, सांधा कुठे आहे ते शोधावं लागतं. माझ्या दुकानात टेबलाएवढी काच आली तरी दोघं ती धरतात, तिसरा रस्त्यातली माणसं बाजूला करतो आणि बायको डोळे मिटून उभी राहते. ही काच कापली कुणी, उचलली कुणी, आणि उचलताना एखाद्याला शिंक आली असती तर काय, या विचारात मी आ वासून उभा राहिलो. एका सुरक्षावाल्याने मला बाजूला घेतलं. काच बघतोय असं खरं ते सांगितल्यावर त्याचा संशय आणखी वाढला. मग पट्टा काढायला लावला. तुझ्या लग्नासाठी मुद्दाम शिवलेली पँट (शिंप्याने कमरेत वाढत्या अंगाची ठेवली होती, या वयात) एका हाताने सावरत मी त्या अद्भुत जगात पाऊल टाकलं. आत दारं आपोआप उघडतात. पहिल्या दोन दारांना मी थँक यू म्हटलं, नंतर कुणी बघतंय असं वाटून नुसती मान हलवली.

काचेपलीकडे आमचं विमान उभं होतं. चित्रात दिसतं त्यापेक्षा ते फार मोठं असतं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. एवढं धूड हवेत जातं आणि लोक त्याच्याकडे पाठ करून कॉफी पितात, हे मला जमेना. मी खुर्ची वळवून बसलो. तेवढ्यात वरून एका बाईचा मधाळ आवाज आला की विमानाला उशीर होतोय आणि आम्ही दिलगीर आहोत. आता आपल्या अण्णांनी आपल्याला काय शिकवलंय ते आठव. समोरच्याने माफी मागितली की त्याला तिष्ठत ठेवायचं नाही, लगेच 'असू द्या, चालायचंच' म्हणून मोकळं करायचं. मी उठून काउंटरवर गेलो आणि तिथल्या मुलीला म्हटलं, असू द्या, चालायचंच. ती बिचारी बघतच राहिली. थोड्या वेळाने परत दिलगिरी आली, मी परत गेलो. असं किती वेळा झालं कोण जाणे, शेवटी त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने मला बिस्किटांचा पुडा दिला.

हे सगळं माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या बाई बघत होत्या. दातांच्या डॉक्टर. ताई, मी आयुष्यात तुझ्याखेरीज कुणा बाईला इतका घाबरलो नव्हतो. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही प्रवासी आहात की कंपनीचे जावई?" मग त्या उठल्या, साडीचा पदर खोचला आणि व्यवस्थापकाला बोलावून घेतलं. बोलावून घेतलं म्हणजे हाक मारली नाही, नुसतं बोट वाकवलं. उशीर का, किती, आणि त्याची भरपाई काय, असं त्यांनी विचारलं. व्यवस्थापक गुळमुळीत बोलायला लागला, तर बाई त्याच्या तोंडात टक लावून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, डावीकडची खालची दाढ काढावी लागेल. त्या माणसाने जे तोंड मिटलं ते मिटलंच. पुढची सगळी बोलणी त्याने मान हलवून केली, आणि मानेने खोटं बोलता येत नसल्यामुळे खरं कारण लगेच बाहेर पडलं. अशी माणसं जगात असतात, न ओरडता खरं काढून घेतात, हे मी जवळून पाहिलं.

कारण ऐकून मात्र माझी अवस्था विचित्र झाली. वैमानिकाच्या समोरच्या काचेला केसाएवढी चीर गेली होती. ताई, काच. बाकीचे प्रवासी चिडले, पण मी काय तोंडाने चिडणार? चीर गेलेली काच मी आजवर एकाही फोटोवर बसवलेली नाही, मग तो फोटो कुणाच्या कुत्र्याचा का असेना. इथे तर तिच्यामागे माणसं बसायची होती. कुणीतरी ती चीर पाहिली, हात वर केला आणि एवढ्या अजस्र यंत्राला थांब म्हटलं, आणि ते थांबलं. मला भरून आलं. मी व्यवस्थापकाला म्हटलंसुद्धा की माझं आयुष्य काचेत गेलंय, हवं तर एक नजर टाकतो. त्याने मानेनेच नाही म्हटलं. एकीकडे वाटत होतं की हे लोक करतायत ते शंभर टक्के बरोबर आहे, आणि दुसरीकडे कचेरी बंद व्हायची वेळ जवळ येत होती. दोन्ही गोष्टी एकदम वाटायची मला सवय नाही. त्या भल्यामोठ्या काचेला कपाळ टेकून मी तुला फोन केला, आणि तू 'बरं' म्हणालीस.

दिवस मावळता मावळता विमान सुटलं, माझ्याशिवाय. तोवर तुम्ही दोघं रेल्वेने फिरायला निघाला होतात, आणि कुलपाला शुभेच्छा द्यायला मी कुठे येणार? ज्यांना जायचं नाही त्यांनी परत जावं असं सांगितलं, तसा मी परत आलो. पण ते उडेपर्यंत थांबलो. ते धूड धावत गेलं आणि जमिनीने त्याला सोडून दिलं. मला फार छान वाटलं आणि फार वाईट वाटलं. भावोजींकडच्या मंडळींनी म्हणे विमान आलं का याची चौकशी केली होती. विमान आलं आणि मी आलो नाही, म्हटल्यावर तुझा संशय पक्का झाला असणार. तुझ्या जागी मी असतो तरी मलाही तेच वाटलं असतं.

निघताना डॉक्टरीणबाईंनी माझा नंबर लिहून घेतला होता आणि दम दिला होता की भरपाई मागायचीच. घरी येऊन मी कंपनीला पत्र लिहिलं, आणि लिहिलं ते अण्णांच्या पद्धतीने. आधी क्षेमकुशल, मग समोरच्याचं कौतुक, मग आपली हकीकत, आणि मागायचं असेल ते अगदी शेवटी, शक्यतो ताज्या कलमात, म्हणजे नाही म्हणायचं असलं तर ते दिसलंच नाही असं समोरच्याला दाखवता येतं. मी वैमानिकाच्या प्रकृतीची चौकशी केली. काचेची स्तुती केली. खुर्च्यांची, गालिच्याची, बिस्किटांची केली. चीर ज्याने पाहिली त्याच्या डोळ्यांना माझे नमस्कार कळवले. पहिलं पान त्यातच भरलं. मागच्या बाजूला, तळाशी, भरपाईचा विषय काढला. कंपनीचं उत्तर आलं की आपल्या पत्राने आमचे सर्व कर्मचारी भारावले असून, 'आमचे तृप्त प्रवासी' या सदरात ते आम्ही विमानातल्या मासिकात छापत आहोत, सोबत फोटो पाठवावा. ते छापून आलंय. डॉक्टरीणबाईंनी ते हवेत असतानाच वाचलं आणि उतरल्या उतरल्या मला फोन केला. त्या काय बोलल्या ते इथे लिहीत नाही, तुझी तब्येत जपायला हवी.

दुसरं पत्र त्यांनी सांगितलं तसं, शब्दन् शब्द लिहिलं. त्यात कुणाच्या प्रकृतीचा प्रश्न नव्हता. पाठवल्यावर मला दोन दिवस जेवण गेलं नाही. मग कंपनीच्या भरपाई खात्यातून एका बाईंचा फोन आला. आवाज शांत, अगदी परीक्षेच्या पर्यवेक्षकासारखा. त्यांनी विचारलं की उशिरामुळे आपलं नेमकं काय नुकसान झालं. हॉटेल? नाही. टॅक्सी? नाही. धंद्याचं? दुकान तसंही बंद होतं. मग काय गेलं आपलं? मला इतका साधा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, माझ्या बहिणीने लग्न केलं, तिच्या बाजूने कुणीच नव्हतं. मी उभा राहणार होतो. पलीकडे बाईंनी कागद उलटले. मग म्हणाल्या, हे 'इतर' मध्ये येईल, पण त्याला पुरावा लागेल. एवढ्या प्रचंड कारभारात या गोष्टीलाही एक रकाना आहे, हे ऐकून मी खरंच थक्क झालो.

असो. तुझं मला किती कौतुक वाटतं ते आपल्यात बोलायची पद्धत नाही, म्हणून मी विमानाचं आणि काचेचं बोलत बसलो. खरं सांगायचं तर त्या दिवशीची सगळ्यांत मोठी गोष्ट मी पाहिलीच नाही. माहेरचं एक माणूस पाठीशी नसताना तू कचेरीच्या पायऱ्या चढलीस, समोरच्या दुकानातून साक्षीदार धरून आणलास आणि सही केलीस. माझ्याच्याने झालं नसतं. भावोजींना नमस्कार सांग. ते चांगले असणार, तू निवडलेत म्हणजे.

तुझा
बारक्या

ता. क. पुरावा म्हणजे काय, तर संबंधित व्यक्तीचं दोन ओळींचं पत्र, की आपली उपस्थिती आवश्यक होती आणि अनुपस्थिती जाणवली. संबंधित व्यक्ती म्हणजे तू. शब्द कंपनीचे आहेत, मी असं बोलत नाही हे तुला ठाऊक आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तर दोन्ही लिही. एकच खरी असेल तर तेवढीच लिही. भावोजींची सही लागत नाही, पण त्यांनी केली तर मला आवडेल.

आणखी एक. भरपाई मागायची मुदत गेल्या आठवड्यातच संपली. त्या शांत आवाजाच्या बाईंनी मला दोनदा आठवण करून दिली होती, पण तुला विचारायचा धीर होत नव्हता. तेव्हा ते पत्र आता कंपनीला पाठवू नकोस, माझ्याकडे पाठव. पत्ता तोच आहे.