पंधराव्या चांदाची ओहोटी

दोहा, कतार
५ जून १९९८

प्रिय भाऊ नसरुद्दीन यास,
सबीहाआपाचा सलाम आणि माझ्या भावजयीला, मुनीरेला, खूप खूप दुआ. वि. वि.

बातमी आनंदाची आहे. ह्यांच्या मालकाने, म्हणजे कफीलने, अखेर ऑगस्टची सुट्टी मंजूर केली. पासपोर्ट अजून त्याच्याच कपाटात आहे, पण देशाबाहेर जायचा परवाना वेळेवर सही करून देतो म्हणालाय, इन्शाल्ला. तिकडचा व्हिसाही झाला. इंडस्ट्रियल एरियातल्या वर्कशॉपात क्रेनची इंजिनं उघडता उघडता ह्यांचे केस पिकले, आता एकदा मेहुण्याचं गाव बघायचं आहे. माहिराही येते आहे. दहावीत गेली तरी तिला मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर मिळतं, तेव्हा तुमच्याकडे तिची चैन आहे. मी येत नाही. सासूबाई इथे आमच्याकडे अंथरुणाला खिळल्यात, त्यांना सोडून कुठे येऊ?

पण नसरू, खरं सांगू, मला भीती वाटते. माहिराच्या ॲटलासमध्ये तुझं स्वान्सी शोधलं, तर ते अगदी समुद्राला टेकलेलं निघालं. इतकी वर्षं तू लिहितोस की बस चालवतो, पाऊस थांबत नाही, मुनीरेचे गुडघे दुखतात. समुद्राचं नाव कधी काढत नाहीस. का काढत नाहीस ते मला विचारावं लागत नाही. आपल्या थोरल्या भावाचं, कासमभाईंचं, मयत जयगडच्या खाडीतून वर आणलं तेव्हा आपण दोघंच काठावर हात धरून उभे होतो. आणि इथे ह्यांचं उलटं. सासरे गलबत चालवणारे तांडेल, त्यामुळे ह्यांना वाटतं समुद्र म्हणजे आपलं परसदार.

तेव्हा तू त्यांना काय काय दाखवणार ते आधी कळव. शक्यतो जमिनीवरचं असू दे. मुनीरेला जप. आहे तो जिव्हाळा असाच राहू दे, आणि माझी माणसं कोरडी परत पाठव.

तुझी आपा,
सबीहा


स्वान्सी, वेल्स
२८ जून १९९८

आदरणीय दुलाभाई आणि आपा,
नसरुद्दीनचा सलाम. वि. वि.

आपाचं पत्र वाचून मुनीरा आत्तापासून खोली झाडायला लागली आहे. दुलाभाई, लोक इथे आले की किल्ला विचारतात. किल्ला आहे, पण गावाच्या मधोमध दोन-तीन भिंती उभ्या आहेत आणि समोर पोरं चिप्स खातात. पाच मिनिटांत बघून होईल. खरं बघायचं ते मार्केट. छताखालचा मोठा बाजार, आणि त्याच्या मध्यावर बायका शिंपल्यांतून काढलेल्या उकडलेल्या तिसऱ्या विकतात. होय, आपल्या तिसऱ्या! फक्त नारळ नाही, कांदा नाही. वर व्हिनेगर आणि मिरपूड टाकतात आणि उभ्याउभ्या खातात. शेजारी काळं-हिरवं लिबलिबीत काही दिसेल, ते शेवाळ आहे. इथली माणसं ते तळून नाश्त्याला घेतात. चव घ्या, पण माझ्या नावाने शिव्या देऊ नका.

म्युझियममध्ये इजिप्तची ममी आहे, माहिराला आवडेल. पाऊस आला की तिकडे वळायचं, म्हणजे रोज वळावं लागेल. मम्बल्सला माझ्याच बसने न्या तिला. वरच्या मजल्यावर पुढे बसा, डाव्या हाताला सगळा उपसागर दिसतो. धक्क्यावर फिरा, आइस्क्रीम खा. तिथल्या टेकडीवर दुसरा किल्ला आहे, तो मात्र किल्ल्यासारखा आहे.

गॉवरचा किनारा मी सुट्टीच्या दिवशी स्वतः दाखवीन. त्याच्या टोकाला वर्म्स हेड आहे. अजगर पाण्यात पहुडावा तशी खडकांची लांब रांग. ओहोटीला मधला खडकाळ पट्टा उघडा पडतो आणि चालत जाता येतं, पण भरती लागली की तो बघता बघता बुडतो. इथलं पाणी आपल्या खाडीसारखं नाही, दोन मजली घर बुडेल इतकं चढतं. काठावर पहारेकऱ्यांची खोली आहे, तिथे रोजच्या वेळा बोर्डावर लिहिलेल्या असतात. त्या वाचल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. मी स्वतः आजवर पलीकडे गेलेलो नाही. का, ते आपा जाणते.

कफील सही देवो. मोठ्यांनी माया करावी, धाकट्यांनी ऐकावं. इथे मात्र तुम्ही धाकट्याचं ऐका.

तुमचा,
नसरुद्दीन


दोहा
१७ जुलै १९९८

प्रिय नसरू,
दुआ. वि. वि.

अरे, तू हे काय लिहून बसलास? मार्केट, ममी, किल्ला सगळं बाजूला राहिलं, ह्यांनी वर्म्स हेडचा तेवढा परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचला. लगेच भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, चांदाची तारीख पाहिली आणि बोटांवर हिशोब मांडला. तुला तो हिशोब माहीत आहे: चांदाच्या तारखेची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंधराव्या चांदाला सव्वाअकराला भरती, मग संध्याकाळपर्यंत पाणी उतरतच राहणार. सासरे ह्याच हिशोबावर गलबत खाडीत घालत. सासूबाई अंथरुणातून म्हणाल्या, तुझ्या बावाचा हिशोब कधी चुकला नाही. झालं, ह्यांना आणखी जोर आला.

मी म्हटलं, तो आपल्या खाडीचा हिशोब आहे, तिथला कशावरून? तर म्हणाले, चांद दोन आहेत का? इथे कॉर्निशच्या किनाऱ्यावर पाणी जेमतेम हातभर वर-खाली होतं, त्यामुळे एवढ्या वर्षांत हिशोब खरा की खोटा हे बघायची वेळच आली नाही. पण मला एवढं कळतं की कासमभाईंनाही तोच हिशोब पाठ होता.

नसरू, त्यांना एकट्याला तिकडे जाऊ देऊ नकोस. माहिराला घेऊन तर नकोच नको. मी ह्यांना थेट सांगितलं तर ते मुद्दाम जातील. स्वभाव तुला ठाऊक आहे. सासूबाईंना औषध द्यायला गेले की माझा चेहरा बघून त्या विचारतात काय झालं. काय सांगू?

तुझ्यावर हवाला ठेवला आहे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आपा


स्वान्सी
७ ऑगस्ट १९९८, जुम्मा

प्रिय सबीहा,
सलाम. आम्ही दोघं खुशाल. अम्मीला माझा सलाम सांग. वि. वि.

तुझा भाऊ बस चालवतो का राज्य चालवतो ते कळत नाही. प्रत्येक स्टॉपवर म्हाताऱ्या त्याला नाव घेऊन हाक मारतात. तिसऱ्या खाल्ल्या. व्हिनेगर टाकून वाटोळं केलंय, पण तिसरी ती तिसरीच. माहिराने शेवाळ तोंडात घातलं आणि रुमालात काढलं. ममी पाहून झाली, मम्बल्स झालं, दोन्ही किल्ले झाले. दोह्यात तुम्ही भट्टीत आहात आणि मी इथे स्वेटर घालून हिंडतो, म्हणून लाज वाटते.

नसरूने तुझं पत्र मला दाखवलं नाही, पण त्याचं तोंड बघून सगळं कळलं. रोज एकच पालुपद, सोमवारी माझी सुट्टी आहे, सोमवारी जाऊ. अगं, सोमवारपर्यंत चांद ढळतो! खरी मोठी ओहोटी उद्या, पंधराव्या चांदाला आहे. उद्या त्याची ड्युटी. तेव्हा आम्ही बापलेक जेवण बांधून निघतो. त्याला गॉवर बघायला जातो एवढंच सांगितलंय. रागावू नकोस. बावांनी शिकवलेलं एकदा तरी पोरीला दाखवीन म्हणतो. तिला माझ्याकडून इंजिनाच्या तेलाशिवाय काय मिळालंय?

उद्या रात्री फोन करीन. इतक्या लांबून जेवढी माया पोचेल तेवढी पोचव.

तुझा,
रहमान


दोहा
१६ ऑगस्ट १९९८

माझ्या लाडक्या माहिराला,
अम्मीची दुआ.

तुझ्या अब्बांचं पत्र आज हातात पडलं आणि लगेच तुला लिहायला बसले. शनिवारी फोन आला नाही. रविवारी आला, तर अब्बा म्हणाले, तुझा पाय मुरगळलाय, बाकी काही नाही, आणि फोनचं कार्ड संपलं. जुम्म्याला मी फोन करून तुला बोलावलं. तू आय ॲम फाइन अम्मी म्हणालीस आणि फोन परत दिलास. मामूला विचारलं तर तो हवापाण्याबद्दल बोलत बसला. पाय मुरगळला तर माणसं अशी गप्प होतात का?

तुम्ही तिकडे गेला होता ना? काय झालं ते मला सांग. इंग्रजीत लिही, मी शेजारच्या शशिकलाताईंकडून वाचून घेईन. पण खरं लिही. न कळलेलंच माझ्या छातीवर बसलंय.

तुझी,
अम्मी


स्वान्सी
२२ ऑगस्ट १९९८

प्रिय अम्मी,
सलाम. मराठीतच लिहिते, कारण हे शशिकलाआंटींनी वाचायचं नाही. चुकांना हसू नकोस.

आम्ही गेलो होतो. बसमधून उतरलो तेव्हा खूप ऊन होतं आणि खडक पूर्ण उघडे होते. त्या खोलीच्या बोर्डावर लिहिलं होतं की चारच्या आत परत या. मी अब्बांना वाचून दाखवलं. ते हसले. म्हणाले, हे पाण्याला घाबरणाऱ्यांसाठी आहे. बघ, भरतीला थोडाच वेळ झालाय तरी केवढं उतरलंय, सहापर्यंत अजून उतरेल. ते इतके खूश होते, अम्मी. खडकांवरून मला हात देत होते आणि आजोबांच्या गलबताच्या गोष्टी सांगत होते. आम्ही पार टोकापर्यंत गेलो. तिथे सील मासे ओरडत होते. आम्ही गवतावर बसून मामीचे पराठे खाल्ले.

परत आलो तर मधल्या खडकांत पाणी होतं. अब्बा म्हणाले, ते मागे राहिलेलं पाणी आहे. मी एका काळ्या दगडावर नजर ठेवली होती. तो गेला. पाणी दोन्ही बाजूंनी येत होतं आणि मध्ये पांढरं होत होतं. मी म्हटलं, अब्बा, वाढतंय. ते म्हणाले, तांडेलाच्या मुलाला तू शिकवणार? यल्ला, चल, घोट्याएवढंच आहे. त्यांनी बूट काढले, नाड्या बांधून गळ्यात अडकवले आणि पाण्यात उतरले.

मला माहीत होतं की आणखी एकदा वाढतंय म्हटलं तर ते मला दाखवायला म्हणून पुढे जातील. म्हणून मी खाली बसले, पाय धरला आणि किंचाळले. अम्मी, माझ्या पायाला काहीही झालं नव्हतं. मी इतकं खोटं कधी रडले नव्हते. मग ते खरंच रडणं झालं, थांबेचना.

अब्बा परत आले. पाय मांडीवर घेऊन चाचपत राहिले. मला उचलायचा प्रयत्न केला, पण ओल्या दगडांवर जमेना. तेवढ्या वेळात ते जिथे उभे होते तिथले दगड दिसेनासे झाले. मग त्यांनी वळून पाहिलं. खूप वेळ पाहत होते. पाणी नदीसारखं धावत होतं आणि मोठा आवाज येत होता. ते हळूच म्हणाले, बावा, हे काय? माझा पाय त्यांनी घट्ट धरून ठेवला. मला वाटलं होतं अब्बांना भीती वाटतच नाही.

आम्ही वर चढून गवतावर बसलो. अब्बांनी स्वेटर मला घातला आणि दुआ म्हणत राहिले. पलीकडून लोकांनी हात हलवून तिथेच थांबा म्हणून खुणा केल्या. संध्याकाळी बचावाची बोट आली. बोटीतला माणूस म्हणाला, तुम्ही जागेवर थांबलात म्हणून जिवंत आहात, जे चालत निघतात ते सापडत नाहीत. अब्बांनी त्याला थँक यू म्हटलं. मामू आधी ओरडला आणि मग अब्बांच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडला. फोनवर मी बोलले असते तर सगळं सांगून टाकलं असतं, आणि अब्बा शेजारीच उभे होते.

पायाचं खोटं आहे हे त्यांना सांगू नकोस. ते रोज त्याला बाम चोळतात आणि मला हात धरून जिना उतरवतात. म्हणून मी अजून लंगडते. पण काल घाईत मी चुकीच्या पायाने लंगडले. अब्बांनी पाहिलं. जिना संपला, रस्ता आला, तरी त्यांनी माझा हात सोडला नाही.

आजीला सलाम. मला जवळ घे, अम्मी.

तुझी,
माहिरा