ठोक्याचा डावा खांदा

१४ ऑक्टोबर, दुपार

प्रिय ठोक्या,

कसा आहेस? आईच्या गुडघ्याचं काय झालं? माझं बरं चाललंय. इथे फोनला रेंज नाही, म्हणून पत्र. तुझी बायको म्हणेल, दादांना लिहायची हुक्की कुठून आली. म्हणू दे.

बँड जोरात आहे. आपल्या दोघांचा पहिला धरून हा माझा चौथा. शनिवारी मोठा कार्यक्रम आहे. गेल्या कार्यक्रमात मात्र एक घोळ झाला. शेवटी मी सगळ्यांची ओळख करून देतो ना, तसा गिटारवाला झाला, बास गिटार वाजवणारी बासवाली झाली, आणि मी मागे हात करून ओरडलो, "ड्रमवर माझा भाऊ, ठोक्या!" लोकांनी टाळ्या पिटल्या. ड्रमर काठ्या मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत राहिला. नंतर विंगेत म्हणाला, "ठोक्या कोण?" मी म्हटलं, घरचा आहे.

तुझं नाव तोंडात आलं कसं, देव जाणे. आपलं भांडणसुद्धा मला धड आठवत नाही. मी बँड सोडला, की तू मला काढलंस? मी तर जगभर सांगत आलो की तू काढलंस. आई म्हणते, दोघेही गाढव होतात. असू.

दुसरा बँड मी सोडला, कारण तिथला ड्रमर घाई करायचा. तिसऱ्यातला रेंगाळायचा. आताचा तर गाण्याच्या मधोमध मला एकटं सोडून पुढे जातो. तसं मी बासवालीला बोललो. ती फटकळ. म्हणाली, "काका, सगळेच ड्रमर वाईट कसे निघतात? नाचता येईना, अंगण वाकडं. उशिरा तुम्ही येताय." चारचौघांत काका म्हणाली, तेही लागलंच.

मग तिने व्हिडिओ दाखवला. त्यात मी दर कडव्याआधी मान वळवून ड्रमरकडे बघतोय. काय बघतोय, मलाच कळेना. घरी येऊन दाढी करताना कळलं. तू ठोका द्यायच्या आधी डावा खांदा उचलायचास. तो उचलला की मी तोंड उघडायचो. हा माणूस पुतळ्यासारखा बसतो, त्याचा खांदा हलतच नाही. आणि ऐकून सावरावं म्हटलं तर...

रेंजचं खोटं बोललो. रेंज उत्तम आहे. फोनवर मला नुसती शिट्टी ऐकू येते, माणूस नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलेलं ऐकणं परत यायचं नाही.

पण मी कानांमुळे चुकतोय, की मला मोजता कधी येतच नव्हतं आणि तू सांभाळून घेत होतास? तू सांग. माझं डोकं चालत नाही. शनिवारी चुकलो तर ते दुसरा गायक घेणार, तसं त्यांनी मला सांगितलंय. गाणं गेलं तर सकाळी उठून मी करायचं काय? भीती वाटते रे.

तू ये. ड्रमवर बसू नकोस, त्या माणसाचा अपमान नको. पहिल्या रांगेत मधोमध उभा राहा. गाणी नवीन आहेत, पण कुठे उचलायचं ते तुला नेहमीच कळायचं. नुसता खांदा उचल.

आईला कानांचं सांगू नकोस. फोन करू नकोस, सरळ ये. भांडायचं असेल तर नंतर भांडू, फक्त जरा मोठ्याने भांड.

तुझ्याकडे बघितल्याशिवाय तोंड न उघडणारा,
दादा