बाबांची ट्रेडमिल

सिकंदराबाद,
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

चि. आदित्य यास,
अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुम्ही दोघंही मजेत असाल. परवा फोनवर मानसीचा आवाज बसल्यासारखा वाटला, तिला हळद घालून दूध दे. सीताफळांचा मोसम संपत आलाय. बाबा गेल्यापासून घरात बिया काढत बसायला कुणी नाही, तरी सवयीनं डझनभर आणली आणि निम्मी शेजारी वाटली.

तुझी वास्तुशांतीची पत्रिका मिळाली. कुकटपल्लीत एकविसावा मजला म्हणजे वारा चांगला लागत असेल. पत्रिकेवर 'कै. वसंतरावांच्या आशीर्वादाने' असं सोनेरी अक्षरांत छापलं आहेस. मी ते दोनदा वाचलं आणि पत्रिका उलटी करून ठेवली.

मेट्रोनं तासाभराच्या वाटेवर राहणाऱ्या भावाला पत्र कसलं लिहायचं, असं तुला वाटेल. फोन केला की तुझी मीटिंग चालू असते. मेसेज केला की तू अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळा होतोस. पत्र निदान शेवटपर्यंत वाचावं तरी लागेल.

गेल्या महिन्यात तू लिहिलंस, ते शब्द जसेच्या तसे उतरवते: 'ताई, शुगर निघालीय. डॉक्टर रोज कार्डिओ करा म्हणतात. बाबांच्या वेळी तू सगळी मशिनं बघितली होतीस ना? कुठलं घेऊ? नाहीतर बाबांची ट्रेडमिल तशीच पडून आहे, तीच पाठव ना. नव्या घरात जागा भरपूर आहे.'

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. बाबांनी आयुष्यभर गणित शिकवलं. मुलानं शंका विचारली की आधी शंका सोडवायची, कान मागाहून पिळायचा, अशी त्यांची पद्धत होती.

बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा फिजिओथेरपिस्ट स्नेहा म्हणाली होती की काकांना रोज अर्धा तास चालवा. आपल्या गल्लीत कुत्री आणि स्कूटर यांतून चालायचं कुठे? म्हणून मी त्यांना हिमायतनगरच्या एका दुकानात घेऊन गेले. अख्खी दुपार आम्ही तिथे काढली. आधी ट्रेडमिल. दुकानदार म्हणाला, "अंकल, इसमें चढाव का बटन भी है." बाबा म्हणाले, "मियाँ, चढाव बहुत हो गए जिंदगी में. उतार का है तो बोलो." मग क्रॉस ट्रेनर. त्यात पाऊल उचलावंच लागत नाही, म्हणून गुडघ्यांना दणका बसत नाही. पण हात आणि पाय एकाच वेळी मागेपुढे करावे लागतात. चार वेळा हलल्यावर बाबा म्हणाले, "हात एका पक्षाचे नि पाय दुसऱ्या पक्षाचे, हे सरकार चालायचं नाही." रोइंग मशीन, म्हणजे बसून वल्ही मारायची, ते इतकं खाली होतं की त्यांना उठवायला दुकानातली दोन माणसं लागली. शेवटी एक सायकल दिसली, खुर्चीसारखी, पाठीला टेकू असलेली. त्यावर बसले, काउंटरवरचा पेपर मागून घेतला आणि अठरा मिनिटं पाय मारत अग्रलेख वाचला. उतरले तेव्हा दम लागला नव्हता, चेहरा खुलला होता. हीच हवी म्हणून दुकानदाराला म्हणाले, "मेरेकू येइच होना."

स्नेहाचंही तेच मत पडलं. "काका थांबले की सायकल थांबते. ट्रेडमिल आपल्यासाठी थांबत नाही," ती म्हणाली.

तर तुझ्यासाठी माझा सल्ला. गेल्या वर्षी तुझी कंबर धरली होती, म्हणून रोइंगच्या वाटेला जाऊ नकोस. गुडघे बरे आहेत, क्रॉस ट्रेनर चालेल. तरी टेकूची सायकल सगळ्यात उत्तम, कारण तू आळशी आहेस आणि तिच्यावर बसून टीव्ही बघता येतो. ट्रेडमिल घेऊ नकोस. हे सगळं मी खरंखुरं तुझ्या भल्याचं सांगितलंय. पुढचं वाचल्यावर यावर विश्वास बसणार नाही, म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

सायकल ठरल्याचं मी त्याच संध्याकाळी तुला फोनवर सांगितलं. तू 'हो हो' म्हणालास. तिसऱ्या दिवशी दारात टेम्पो उभा. "अम्मा, किधर डालना बोलो," म्हणत चार माणसांनी ट्रेडमिल बाबांच्या खोलीत आणून ठेवली. मी तुला फोन केला, तर तू म्हणालास, "अगं, सायकल काय घ्यायची! आमच्या ऑफिसात सगळ्यांनी आईवडिलांना ट्रेडमिलच घेतलीय." रात्री तू तिचा फोटो टाकलास, खाली लिहिलंस, 'बाबांची नवी सुरुवात'. किती लोकांनी तुझं कौतुक केलं! मी परत पाठवायला निघाले होते. बाबांनी अडवलं. "पोरानं हौसेनं पाठवलीय, परत काय करतेस," म्हणाले.

आणि ते चालू लागले. सगळ्यात हळू वेगावर, दोन्ही हात दांड्यावर, कोपराला धरून मी शेजारी. त्या यंत्राला एक लाल दोरी होती. तिच्या एका टोकाचा चिमटा सदऱ्याला लावायचा, दुसऱ्या टोकाची चुंबकाची किल्ली यंत्राला चिकटवायची. माणूस घसरला की दोरी ताणते, किल्ली निघते आणि पट्टा जागीच थांबतो. बाबा रोज आधी चिमटा लावायचे, मग चष्मा पुसायचे, मग बटन दाबायचे.

खंडेनवमी आली. आपल्या घरची पूजा तुला माहीत आहे. पाटावर विळी, कात्री, माझ्या शिवणयंत्राची बॉबिन, बाबांची कंपासपेटी. ट्रेडमिल पाटावर कशी मावणार? म्हणून बाबांनी तिची ती किल्ली काढली, दोरीसकट पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल. पूजेत मांडलेलं हत्यार दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नाही. "आज यंत्राला सुट्टी आणि मलाही," असं म्हणून ते पुरणाच्या वासावर खूश होऊन बसले होते.

साडेबाराला तुझा व्हिडिओ कॉल आला. पुण्याहून मानसीचे आईवडील आले होते. त्यांना तुला ट्रेडमिल दाखवायची होती. "बाबा, जरा चालून दाखवा ना."

बाबा म्हणाले, "आज नाही रे. किल्ली पूजेत आहे."

तू हसलास. "ती कसली किल्ली, नुसतं चुंबक आहे ते! ताई, फ्रिजवरचं एखादं लाव की. आमच्या जिममध्ये सर्रास लावतात."

फ्रिजवर तिरुपतीचं चुंबक होतं. ते मी काढलं आणि लावलं. माझ्या या हातानं. चूक आहे हे कळत होतं, तरी लावलं. भावानं लोकांसमोर काही मागितलं की नाही म्हणायचं मला कुणी शिकवलंच नव्हतं. हा माझा गुन्हा आहे आणि मी तो कुणापासून लपवलेला नाही, फक्त आजवर कुणी विचारला नाही.

बाबा चालू लागले. एरवी मी त्यांच्या कोपराशी असायचे. तू म्हणालास, "ताई, पाय दिसत नाहीत, फोन जरा मागे घे." मी एक पाऊल मागे गेले. "अजून मागे." मी आणखी मागे गेले. "बाबा, थोडा स्पीड वाढवा, अगदीच हळू दिसतंय." त्यांनी वाढवला. मग फोनमध्ये तुझे सासरे पुढे आले, "नमस्कार वसंतराव!" म्हणाले. आणि व्याह्यांना नमस्कार करायला बाबांनी दांड्यावरचे दोन्ही हात सोडले.

मी फोन टाकून धावले, चुंबक ओढून काढलं, पण तोवर ते खाली होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. वेदनेनं पांढरे पडलेले बाबा मला म्हणत होते, "त्याला सांग, काही झालं नाही."

हॉस्पिटलमध्ये तू संध्याकाळी आलास. मी औषधं घेऊन येत होते. जिन्यापाशी तू प्रमिलाआत्याला सांगत होतास, "ताईनं सेफ्टीची किल्ली काढून पूजेत ठेवली आणि बाबा चालत असताना फोनवर बोलत बसली." चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण सख्ख्या भावाच्या तोंडून पहिल्यांदाच. आदित्य, फोन माझ्या हातात होता हे खरं आहे. त्या फोनमध्ये तू होतास!

मी त्याच रात्री तुझं पितळ उघडं पाडणार होते. बाबांनी माझं मनगट धरलं. "आदूला काही बोलू नकोस. त्याचं मन मोडेल." मी शब्द दिला. आणि तू त्या शब्दाच्या आडोशाला सुखात राहिलास. नांदेडच्या मुकुंदरावकाकांना तेच सांगितलंस, मावशीला तेच, पुण्याला तेच. मी आठ महिने त्यांना कुशीवर वळवत होते, पाठीच्या जखमा धूत होते, आणि भेटायला येणारं प्रत्येक माणूस माझ्याकडे कसंनुसं बघून जात होतं. तू अकरा वेळा आलास. मी मोजलं आहे.

तेराव्याला सगळे जमलेले असताना आत्या मला म्हणाली, "गौरे, तेवढा फोन खाली ठेवला असतास तर माझा भाऊ आज असता गं." तू माझ्यापासून हातभर अंतरावर होतास. मी तुझ्याकडे बघितलं. तू पाण्याचा तांब्या उचललास आणि आत निघून गेलास.

बाबा पडले त्याबद्दल मी तुला कधीच माफ केलं असतं, कारण त्यात मीही होते. तांब्या उचलून आत गेलास, त्याबद्दल मात्र करणार नाही. त्या दिवसापासून माझ्या मनात तुझ्याविषयी काय आहे, त्याला नाव द्यायचं तर ते सूड आहे. मला त्याची लाज वाटत नाही.

वर्षश्राद्ध होईपर्यंत मी बाबांचा शब्द पाळला. पुढेही पाळला असता, कदाचित. पण तू ती ट्रेडमिल मागितलीस. तुला आठवलंसुद्धा नाही की ती काय आहे. जागा भरपूर आहे म्हणालास.

तेव्हा आता काय काय केलं ते ऐक. तू ज्या ज्या घरी माझं नाव घेतलंस अशा सात घरी मी सात पत्रं पाठवली. वर लिहिलंय तेच सगळं, चुंबक मी लावलं हेही, पहिल्याच ओळीत. शनिवारी स्पीड पोस्टनं गेली, सोमवार-मंगळवारी सगळ्यांना पोचली. तुझं पत्र मुद्दाम शेवटी टाकतेय. तुझ्याविषयी लोक आधी वाचतात आणि तुला मागाहून कळतं, हे कसं असतं ते तुलाही एकदा कळावं.

मी खोटं लिहिलंय असं म्हणायची सोय नाही. पत्रं टाकण्याआधी तुझ्या सासऱ्यांना फोन केला होता. ते म्हणाले, "गौरीताई, माझ्या नमस्कारामुळे माणूस गेला. जावयासमोर हे कुठल्या तोंडानं काढू? पण कुणी विचारलं तर नाही म्हणणार नाही."

आणि ट्रेडमिल. मागितलीस, तर नाही कशी म्हणू? वास्तुशांतीचा माझा आहेर तोच समज. शनिवारी सकाळी उमाजीचा टेम्पो येईल, तुमच्या बिल्डिंगच्या माणसाला मी सांगून ठेवलंय. हॉलमध्ये खिडकीशी ठेव असं उमाजीला बजावलंय, तो "हौ अक्का, हॉलमेंच डालतूं" म्हणाला. तिला हलवायला चार माणसं लागतात. रविवारी आपली माणसं येतील तेव्हा ती तिथेच असेल. किल्लीही दोरीसकट तिलाच लावून पाठवतेय. किल्लीवरचं कुंकू अजून तसंच आहे, मी पुसलेलं नाही.

मीही येणार आहे. हिरवी इरकल नेसून, वेळेवर. भांडायला येत नाहीये, माझ्याकडून एक शब्द निघणार नाही.

बोलणार आहे आत्या. काल तिचा फोन आला होता. ती रडेल असं वाटलं होतं, पण रडली नाही. आधी माझी माफी मागितली, ऐंशी वर्षांच्या बाईनं, आणि मला ते ऐकवेना. मग म्हणाली, "पहिल्या पंगतीला पान वाढलं की सगळ्यांसमोर आदूला विचारते. खरं बोलला तर त्याच्या घरी जेवेन. नाहीतर भरल्या पानावरून उठेन." मुकुंदरावकाकांनाही तिनं हे कळवलंय. ती उठली तर तिच्यामागे कोण कोण उठेल, ते तू जाणतोस.

तुझ्या हातात अजून तीन दिवस आहेत. आधीच फोन करून सगळ्यांना सांगशील किंवा पानावर सांगशील, ते तू ठरव. मला सोडव म्हणून माझ्याकडे मात्र येऊ नकोस. मी दार उघडणार नाही.

बाबा असते तर त्यांनी हे पत्र मला पाठवू दिलं नसतं. बाबा नाहीत.

गौरी