डोळ्यातली बाहुली हलते

२ मे
अमरावतीचा दहा दिवसांचा अॅक्युपंक्चर कोर्स संपवून काल अकोल्याला परत. सर्टिफिकेट लॅमिनेट केले. निवृत्त विज्ञान शिक्षकाने घरात गंजत बसू नये. संकल्प: सुई टोचल्यावर डोळ्यातली बाहुली हलते का, म्हणजे लहानमोठी होते का, हे तीस जणांवर तपासायचे. मग शोधनिबंध. याचा बायकोशी, कुंदाशी, काही संबंध नाही. सुनेने, अबोलीने, विचारले म्हणून लिहून ठेवतो.

४ मे
पद्धत ठरली. साडेदहाला डोळ्याचा फोटो, शेजारी पट्टी धरून. मग अंगठा आणि तर्जनीच्या मधे सुई. सव्वाअकराला दुसरा फोटो. टॉर्च वापरायचा नाही. गेल्या मे महिन्यात डॉक्टरांनी कुंदाच्या डोळ्यात टॉर्च मारला आणि दोन सेकंदांत सांगितले, गेल्या. दोन सेकंद. मी प्रयोगशाळेत बेडकालासुद्धा जास्त वेळ देत असे.

७ मे
पहिले पेशंट किसनराव. बार्शीटाकळीहून मान दाखवायला आले, सोबत तुरीची डाळ. सुई नेमकी बसेना, म्हणून त्यांनीच माझा हात धरून ती टोचून घेतली. बाहुली तीन मिलिमीटरची पाच झाली. म्हणजे थांबलेली बाहुलीही हलवता येत असणार. त्या डॉक्टरांना निबंधाची एक प्रत पाठवणार.

११ मे
चार जण झाले. चौघांच्याही बाहुल्या मोठ्या. शंभर टक्के. तीस कशाला, दहा पुरेत.
एक किरकोळ अडचण. मोबाईलवर फोटो मोठा केला की बाहुली कुणाचीही असो, कुंदाचीच दिसते. झूम जास्त होत असावा. चष्म्याचा नंबर तपासायचा.

१३ मे
किसनराव पुन्हा आले. मान तशीच. फोटो घेताना म्हणाले, "गुरुजी, सुई माह्या हातात हाय, अन् तुमी माह्या डोळ्यात कोणाले पाहून राहिले?"
मी त्यांना डाळ छान शिजल्याचे सांगितले. अजून शिजवलेली नाही.

१६ मे
अबोलीने फोटो पाहिले. म्हणाली, बाबा, अकराला मी खिडक्या लावते, पडदे ओढते, कूलर सुरू करते. तुमचा दुसरा फोटो अंधारातला असतो. बत्तीस वर्षे विज्ञान शिकवलेल्या माणसाला ती हे सांगते. मी जेवलो नाही. भूक नव्हती, ऊन फार आहे.

१७ मे
खिडक्या सताड उघड्या. चव्वेचाळीस डिग्री. आज अबोलीवर प्रयोग. साडेदहाला तीन मिलिमीटर. सव्वाअकराला तीन मिलिमीटर.
मला माहीत होते. गेल्या मेमध्ये डॉक्टरांना मीच सांगत होतो, खोलीत अंधार आहे हो, म्हणून तिच्या बाहुल्या मोठ्या दिसतात. अकराला खिडक्या मीच लावल्या होत्या. कुंदा झोपली आहे असे समजून एक वाजेपर्यंत तिच्या शेजारी पेपर वाचत बसलो. शब्दकोडेही सोडवले. दोन शब्द तिला विचारले, आणि उत्तर आले नाही म्हणून रागावलो.
डॉक्टर दोन सेकंद नाही, बराच वेळ थांबले होते. माझ्या समाधानासाठी त्यांनी खिडकी उघडली. सगळे ऊन तिच्या तोंडावर आले. बाहुल्या तेवढ्याच राहिल्या. मी जवळून बघितले होते.
अबोलीच्या हातातली सुई काढायची राहून गेली. तिने ती स्वतःच काढली, आणि उठून खिडक्या लावल्या.