विहीणबाईंबरोबर जपानात

१३ ऑक्टोबर १९८५, ट्रॉय (मिशिगन, अमेरिका)

"जपान? आई, जपान?" शैलेंद्रच्या हातातला घास हातातच राहिला. जसं काही मी चंद्रावर जाते म्हणाले!

मोटारीच्या कंपनीत इंजिनिअर आहे ना तो. इथे जपानी गाडी घेतली की माणूस शत्रूच्या गोटात गेला. "ऑफिसात कळलं तर माझी टर उडवतील, आई." म्हटलं, मी गाडी आणायला नाही चालले रे, देवळं बघायला चालले. मुंबईचं विमान टोकियोवरूनच जातं, मध्ये उतरता येतं, हे मला त्या तिकीटवाल्यानेच सांगितलं. लायब्ररीतून आणलेलं जपानचं चित्रांचं पुस्तक मी नातीला, रुपालीला, इतक्या वेळा वाचून दाखवलं की पोरगी कंटाळली, मी नाही कंटाळले. चौथीपर्यंतची शाळा माझी. पुढचं सगळं मुलाच्या पुस्तकांतून आणि लायब्रऱ्यांतून. मग पाय काय फक्त या बेसमेंटमधल्या वॉशिंग मशीनपर्यंत चालवायचे?

शेवटी म्हणाला, "जा बाई. पण जानेवारीत नाशिकचं सगळं आवरून ये. कायमची. ग्रीन कार्डचं मी सुरू केलंय."

कायमची! मला विचारलं कुणी? "तिथे आहे कोण तुझं?" म्हणे. मी म्हटलं, "मी आहे!"

हसला. त्याला वाटलं मी गंमत केली.

१५ ऑक्टोबर

विहीणबाईंनाही बरोबर नेणार. सूनबाई विनीताच्या आई, सुलेखाबाई. आजवर आम्ही दोघी इथल्या कारखान्यांसारख्या शिफ्टमध्ये होतो — सहा महिने त्या, सहा महिने मी. एक उतरली की दुसरी चढली. जुलैत नातू रवी झाला म्हणून पहिल्यांदाच दोघी एकदम आलो आणि आता एकदमच परतणार.

इतक्या खेपा झाल्या तरी ही बाई सोफ्याच्या कडेवर बसते. फ्रिज उघडताना विचारते. पोळी दुसरी वाढली की "नको, नको!" मुलीचं घर ना! मी मुलाची आई, मी भांडी आपटते तरी चालतं.

जपानचं विचारलं तर म्हणाल्या, "जावयांना विचारते."

"जावयांना कशाला? पासपोर्ट तुमचा आहे!"

१८ ऑक्टोबर

निघालो. "घट उठायच्या आत घर सोडायचं का हो?" सुलेखाबाई. म्हटलं, घट विनीता उठवील, तिचं घर आहे. त्या परत आत जाऊन घटाला नमस्कार करून आल्या. रुपाली दारातून ओरडली, "बाय, आजीज!" — दोघींना मिळून एकच. विमानतळापर्यंत विहीणबाई पदर डोळ्याला लावून. मला वाटलं, विमानाची भीती.

२० ऑक्टोबर, टोकियो

एक तारीख कुठेतरी आकाशात सांडली. हॉटेलची खोली एवढी की एकीने लुगडं नेसायचं तर दुसरीने पलंगावर चढायचं. सगळीकडे चपला काढून आत — हे मात्र आपलं!

सुलेखाबाईंनी नाशिक-नागपूर नाही, थेट मिशिगनहून मेतकूट आणलंय. "इथल्या पाण्यातसुद्धा मासा असेल." भात आणि मेतकूट, मेतकूट आणि भात. मी चाखतमाखत फिरणार. मांस-मासा नको, एवढंच माझं पथ्य. बाकी सगळ्याला तोंड लावायला मी एका पायावर तयार.

२१ ऑक्टोबर

असाकुसाचं देऊळ. दाराशी मोठं धूपपात्र, माणसं धूर ओंजळीत घेऊन जिथे दुखतं तिथे लावतात. मी गुडघ्यांना लावला. सुलेखाबाईंनी छातीला लावला. "छाती दुखते का?" — "नाही हो, असंच."

मग गल्लीत एका गाडीवर लोखंडी साच्यातून गरम गरम मासे निघत होते! पिठाचे. मी एक फोडला — आत काय असावं? पुरण! लाल शेंगदाण्याएवढ्या कसल्याशा डाळीचं, गोड, मऊ, अगदी पुरण! नाचायचीच बाकी राहिले. "घ्या, विहीणबाई, शाकाहारी मासा!"

"आकार माशाचाच ना?" — नाही म्हणजे नाही. त्यांचाही मीच खाल्ला.

दुपारी उएनोला तळ्यातल्या देवीला गेलो. हातात वीणा, पाण्यात घर. बेन्तेन म्हणतात. सरस्वतीच की! एवढ्या लांब येऊन नांदली, रुळली, नावसुद्धा बदललं तिने. मी हात जोडून म्हटलं, तुझी हिंमत मोठी, पण मला नाशिकच बरं.

२३ ऑक्टोबर, क्योटोच्या गाडीत

आज दसरा. सीमोल्लंघन बुलेट ट्रेनने! खिडकीतून डोंगर असा पळाला की नमस्कार करायला हात उचलेपर्यंत मागे. सुलेखाबाईंना म्हटलं, सोनं घ्या, आणि चिवड्याची पुडी दिली. हसल्या. ट्रॉय सोडल्यापासून पहिल्यांदा.

२४ ऑक्टोबर, क्योटो

एकादशी. विहीणबाई काळजीत, उपासाला काय? आणि गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारबाबा, गाडीवर धुराडं, लांब सुरात ओरडतोय. जवळ गेलो तर भाजलेली रताळी! साल काळी, आत केशरी, बोटं पोळतायत. विधात्याने एकादशीला धाडला त्याला. दोन दोन घेतली. नदीकाठी बाकावर बसून खाल्ली. सुलेखाबाईंनी न विचारता तिसरं उचललं, म्हणून मी मुद्दाम तिकडे पाहिलंच नाही.

पोट भरल्यावर माणूस बोलतं. म्हणाल्या, "बरं झालं आणलंत. शेवटची खेप अशी छान झाली."

"शेवटची कशाने?"

"तुम्ही जानेवारीत कायमच्या येणार. मग माझं काय काम? पाळी संपली."

मग हळूहळू सगळं निघालं. यजमान गेल्यावर नागपूरचं घर सोडलं, भावाकडे राहतात. भाऊ चांगला, भावजयही वाईट नाही. पण भाच्याचं लग्न ठरलंय, खोली त्याला लागणार. यांचा पलंग पॅसेजमध्ये. "रात्री कुणी पाणी प्यायला उठलं की मी पाय आखडून घेते." एवढं म्हणून रताळ्याची सालं गोळा करायला लागल्या.

मला कळेना, हसावं की कपाळ बडवावं. मी नको नको म्हणतेय ते पान माझ्यापुढे मांडलंय, आणि भुकेलं माणूस पंगतीबाहेर उभं!

म्हटलं, "मग तुम्हीच राहा की विनीताकडे. कायमच्या."

असं बघितलं, जशी मी शिवीच दिली. "मुलीच्या घरी? कायमचं? वसुधाबाई, जावयाच्या दारात आयुष्य काढू? लोक तोंडात शेण घालतील!"

"कोण लोक? ट्रॉयमध्ये कुणाला वेळ आहे तुमच्या तोंडात काही घालायला?"

उठल्या आणि पुढे चालायला लागल्या. हॉटेल उलट्या दिशेला होतं.

२५ ऑक्टोबर

तीन देवळं. एक शब्द नाही.

२६ ऑक्टोबर, नारा

इथली हरणं गावात मोकळी हिंडतात. बिस्किट दाखवलं की मान खाली घालून नमस्कार करतात — खरंच! एकाने मला तीनदा केला आणि मग पदर खाल्ला. हरणं नमस्कार करतात, विहीणबाई वळूनसुद्धा बघत नाहीत.

संध्याकाळी मीच तोंड उघडलं. म्हटलं, ऐका, मी तुमच्यावर उपकार करत नाहीये. मला जायचंच नाही. माझ्या पुढच्या खोलीत दुपारी बायका जमतात, मी त्यांना वाचायला शिकवते. एक पन्नाशीची बाई गेल्या पाडव्याला स्वतःचं नाव लिहून ढसाढसा रडली. ते सोडून मी बर्फात खिडकीशी बसू? मुलाला नाही म्हणायला मला भीती वाटत नाही. तुम्हाला मुलीला नुसतं विचारायलाही भीती वाटते!

त्या म्हणाल्या, "तुम्ही वरमाय आहात. तुम्हाला सगळं शोभतं."

खरं बोलल्या. झोंबलं.

२७ ऑक्टोबर, ओसाका

काय दिवस! सगळं लिहिणार.

कालव्याकाठचा बाजार. दिवेच दिवे, आणि खाण्याचा असा वास की पायच हलेना. एका गाडीवर लोखंडी पात्र, त्यात ओळीने गोल खळगे, माणूस टोच्याने भराभर उलटवतोय —

"आप्पे!" आम्ही दोघी एकदम ओरडलो. तीन दिवसांचा रुसवा, आणि आप्प्याने सुटला!

सुलेखाबाईंच्या डोळ्यांत पाणी. "माझी आई करायची हो..." मेतकूट विसरल्या, जपान विसरल्या, मी काही म्हणायच्या आत एक अख्खा तोंडात. हा-हा करत चावतायत. "छान! मध्ये खोबऱ्याचा तुकडा आहे. जरा चिवट आहे, पण खोबरंच."

मीही उचलणार, तोच माझी नजर वर गेली. गाडीच्या डोक्यावर लालभडक, आठ पायांचा, डोळे मिचकावणारा प्राणी. जपानच्या पुस्तकात रुपालीने मला त्याच्यावर बोट ठेवून शिकवलेला — ऑक्टोपस. माझा आप्पा परत पात्रीत गेला. मी नुसतं बोट वर केलं. त्यांनी वर बघितलं. मग हातातल्या पुड्यात बघितलं. जबडा थांबला.

मला धडकी भरली. आता रडणार, उपास धरणार, उद्या गंगेवर नेऊन घाला म्हणणार! "थुंका, विहीणबाई, थुंका!"

त्यांनी डोळे मिटले. आणि गिळलं.

रस्त्यात उभ्या, पदराने तोंड पुसलं. बराच वेळ त्या लाल प्राण्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "साठ वर्षं सांभाळलं. आणि बघा, आभाळ काही कोसळलं नाही."

मी त्यांच्या हातातला पुडा काढून घेतला.

"वसुधाबाई, इथून अमेरिकेला फोन कुठून लागतो? आज बाटलेच आहे तोवर मुलीच्या घरचंही उरकून टाकते. उद्या माझं धैर्य पुन्हा सोवळ्यात जाईल."

मी हसता हसता खालीच बसले, फुटपाथवर! जपानी माणसं वळसा घालून चालली होती.

फोन लावला. सुलेखाबाई एवढंच म्हणाल्या, "विनू, मी तुझ्याकडे राहू का? कायमची?" पलीकडून मलासुद्धा ऐकू आलं — "माई! किती वर्षं वाट बघतेय! आईंसमोर मी कशी बोलणार होते!"

मग शैलेंद्र. "आई, हे तुझंच काम! आई एकटी नाशिकला आणि सासूबाई माझ्या घरात? लोक मला काय म्हणतील?"

"लोकांना माझा पत्ता दे. मी उत्तर देईन."

"मी मुलगा आहे तुझा."

"म्हणून तर तुला सांगते, नाहीतर न सांगता केलं असतं."

 मग "बघतो" म्हणाला आणि फोन ठेवला.

२८ ऑक्टोबर

किल्ला बघितला. काय बघितला ते विचारू नये. दोघींचे कान हॉटेलच्या फोनकडे.

२९ ऑक्टोबर, टोकियो

फोन नाही. सुलेखाबाई म्हणतात, दोघींची मुंबईचीच तयारी ठेवू. मी म्हटलं, तुम्ही ठेवा. मी नाही तुम्हाला मुंबईला नेणार.

३० ऑक्टोबर, नारिता विमानतळ

काल रात्री शैलेंद्र "बरं" म्हणाला. एकच शब्द, पण सासूबाईंचं तिकीट बदलूनच फोन केला होता. विहीणबाई मघाशीच डेट्रॉइटच्या विमानात बसल्या. वाकत होत्या, मी वाकू दिलं नाही. व्हिसावर मुदत आहे, पुढचं विनीता बघेल.

कालच्या फोनवर शेवटी रुपाली आली. "हू इज कमिंग, आजी? यू?" म्हटलं, नाही बाळ, ती दुसरी आजी. कायमची.

पोरगी किंचाळली. आनंदाने! "येस! येस! येस!"

रडले नाही. दोन विमानं उडेपर्यंत काचेशी उभी राहिले. मी केलं ते बरोबरच केलं. पण त्या पोरीला आधी विचारायचं कुणाला सुचलं नाही — मलाही नाही.