मी तुझी केलेली स्तुती

प्रिय ठमे,

घाईघाईत लिहितोय, तेव्हा अक्षर गोड मानून घे. दुकानात दुरुस्तीला आलेलं एकही घड्याळ आज उघडलं नाही, म्हणजे काय झालं असेल, याचा अंदाज कर. आईनं सकाळपासून अबोला धरलाय, आणि तिचं काही चुकलं नाही.

सोमवारी दुकानात एक गृहस्थ आले. साधा शर्ट, काखेत फाइल, बोलणं अदबीचं. तुझं पूर्ण नाव घेऊन, वडील तुम्हीच ना, म्हणाले. मग तुझं वय, उंची, आजारपणं, स्वभाव, कुणाशी भांडणतंटा, सगळं विचारलं. आता लग्नाच्या मुलीबद्दल कुणी असं विचारलं तर बापानं काय समजावं? मला वाटलं, मुलाकडून कुणीतरी गुपचूप चौकशीला आलंय. नर्सिंगची परीक्षा होऊन चार महिने झाले, तू हॉस्टेलवरून घरी यायचं नाव काढत नाहीस, आणि इकडे स्थळ आपल्या पायांनी चालून आलं! मी हुरळून गेलो. चहा मागवला आणि तोंड फाटेस्तोवर तुझी स्तुती केली.

काय काय सांगितलं, ऐक. मुलगी अगदी गरीब गाय. मोठा आवाज झाला तरी दचकते. लांब राहणं तिला जमायचं नाही, हॉस्टेलवरही पहिला महिनाभर रडत होती. नोकरीचं म्हणाल तर लग्न झालं की सोडेल, तिचा काही हट्ट नाही. गृहस्थ मुकाट्यानं लिहून घेत होते. मध्येच पेन थांबवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, भारावले बिचारे. शेवटी सही मागितली, ती मी न वाचताच ठोकली.

ते गेल्यावर माझ्याकडे राहिलेली प्रत डोळ्याला भिंग लावून वाचली. सैन्यातील परिचारिका पदाच्या उमेदवाराची पडताळणी! ठमे, पायाखालची जमीनच सरकली माझ्या. लेखी परीक्षा, मुलाखत, वैद्यकीय तपासणी, सगळं पार करून बसलीस आणि बापाला पत्ता नाही? धावत घरी गेलो, तर आईला सगळं ठाऊक. अर्ज तिनंच पोस्टात टाकला होता म्हणे. मी काय जबाब दिलाय, ते मात्र तिला सांगितलं नाही.

लाज सोडून कबूल करतो, दोन दिवस मुद्दामच गप्प बसलो. त्या कागदामुळे तुझी निवड हुकली तर बरंच, असं वाटलं. जिथे गोळ्या चालतात तिथे मला माझी मुलगी नको होती. अजूनही नकोय. आज सकाळी मात्र राहवलं नाही, आईला सगळं सांगून टाकलं.

तसाच उठून, प्रतीवर ज्याचा पत्ता होता त्या कार्यालयात गेलो. साहेब म्हणाले, येत्या सोमवारपर्यंत स्वतःच्या हातानं नवा जबाब लिहून द्या, पण खरा द्या. तिथल्याच बाकावर लिहायला बसलो. मुलगी संकटात कशी वागते, या प्रश्नापाशी अडलो तो अडलोच. नर्सिंगच्या चार वर्षांत तू किती जखमा बांधल्यास, कुणी तुझ्या डोळ्यांदेखत गेलं का, तेव्हा तू काय केलंस, मी कधी विचारलंच नव्हतं. तुझा फोन आला की जेवलीस का, एवढं विचारून आईकडे द्यायचो. तासाभरानं कोरा कागद घेऊन परत आलो. उद्या आई हे पत्र घेऊन तुझ्याकडे येतेय, उत्तर तिच्याच हाती दे. तू कशी आहेस, ते तुझ्या बापाला लिहून कळव.

तुझाच,
बाबा