शेवटच्या दोरीवरचा फ्रॉक

४ एप्रिल
मिळालं बाई एकदाचं घर! लढाईत बेघर झालेल्यांसाठी सरकारनं बांधलेली ही वसाहत. चारी बाजूंना तिमजली इमारती आणि मधे सगळ्यांचं मिळून एक हिरवंगार अंगण. माझी लेक ठकी सामान उतरायच्या आधीच गवतावर धावली. सहा वर्षांची झाली, पण पायाला भिंगरी. अंगणात प्रत्येक घराची कपडे वाळत घालायची दोरी आहे. आमची शेवटची. तिच्यावर कुणाचा तरी पिवळा फ्रॉक होता. शेजाऱ्यांना हसून हाक मारली, तर पटापट खिडक्या लागल्या. असतील लाजरी.

६ एप्रिल
लाजरी कसली, खडूस आहेत मेली! आज धुणं घेऊन गेले, तर तो फ्रॉक तसाच. भर उन्हात ओला. समोरच्या वहिनी म्हणाल्या, हात लावू नका. का, ते सांगेनात. माझ्या दोरीवर परक्याचा कपडा का म्हणून? चिमटे काढायला ठकी एका पायावर तयार असते, तिनं काढले. फ्रॉक घडी करून रखवालदारकाकांना द्यायला गेले. त्यांनी तोंडावर दार आपटलं.

७ एप्रिल
दोरीवर ठकीचा लाल फ्रॉक. ओलाचिंब. मी तो धुतलाच नव्हता, कपाटात होता. किती ओढलं, चिमटे निघेनात. वहिनी खिडकीतून बघत होत्या. पहिल्यांदाच हसल्या.

८ एप्रिल
ठकीचं अंग गार, केस ओले. दोन्ही खांद्यांवर चिमट्यांचे वळ. मी घाबरले आहे. वहिनींच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, ती दोरी मोकळी राहत नाही. पिवळा फ्रॉक होता तोवर आमची मुलं सुखरूप होती. तो तुम्ही काढलात, आता परत लावून चालणार नाही, तुमच्याच घरातलं कुणीतरी लागेल.

९ एप्रिल, सकाळ
अंथरूण ओलं. ठकी नाही. वारा नसताना लाल फ्रॉक हलतो आहे, आतून रडणं —
माझा झगा भिजवून घेऊन जाते आहे.

दुपार
झगा लावला तसे फ्रॉकचे चिमटे आपसूक निघाले. ठकी गवतावर उभी. कोरडी! माझी सोनी. माझे खांदे दुखताहेत, दुखू देत.

नंतर
बोटांतून पाणी. ठकी म्हणाली, आई, तुझा झगा काढून आणते. नको म्हणायला तोंड उघडलं, तर तोंडातून पाणीच —
ती धावली. पाय उचलत नाहीत. खिडकीतून दिसते आहे. सगळ्या खिडक्यांत माणसं, कुणीच तिला अडवत —
टाचा उंचावल्या. ठकी, चिमट्याला हात ला